पोर्टललाही रिव्हिजनचा तक्ता हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑफिसं कागदमुक्त झाल्याच्या बातम्या आपल्या पानांवर अधूनमधून येतात. सोबत नव्या पोर्टलच्या उद्घाटनाचा फोटो असतो. साहेब माउसवर बोट ठेवून कॅमेऱ्याकडे बघत असतात. त्याच पोर्टलचं पाच-दहा वर्षांनी काय झालं, याची बातमी मात्र मी आजवर वाचलेली नाही. अशी एक बातमी माझ्याकडे आहे, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कापायचं ते कापा. फक्त रजेच्या अर्जाचा भाग ठेवा.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. हे काम नेमकं काय, ते माझ्या सासूबाईंना मी शेवटपर्यंत समजावू शकले नाही. कारखान्यांच्या टाक्या, पाइपलाइन, त्यांचे आधार यांची ड्रॉइंग आमच्याकडे तयार होतात. कुठलं ड्रॉइंग कुणी तपासलं, ते कितव्या रिव्हिजनला, म्हणजे सुधारित आवृत्तीला आहे, साइटवर कोणती प्रत गेली, याचा हिशेब मी ठेवते. १९९० साली ट्रेसर म्हणून लागले तेव्हा ऑफिस वागळे इस्टेटमध्ये होतं. ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारायच्या आणि अमोनिया प्रिंटच्या खोलीतून डोळे पुसत बाहेर यायचं. पुढे ऑफिस खाडीपलीकडे गेलं. २००४ साली ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली नसती, तर मी तेव्हाच नोकरी सोडली असती.

आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली टायटल ब्लॉक, म्हणजे नाव-नंबराची चौकट असते आणि तिला लागून रिव्हिजनचा तक्ता. एकेक ओळ जेमतेम बोटाच्या जाडीची. रिव्हिजन, तारीख, काय बदललं, कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. ड्रॉइंगमध्ये जिथे बदल झाला तिथे भोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढायची आणि शेजारी त्रिकोणात रिव्हिजनचं अक्षर लिहायचं. या रेघेला आम्ही क्लाउड म्हणतो. पुढे आयटीवाले ‘सगळं क्लाउडवर नेऊ’ म्हणाले, तेव्हा आमचे जुने ड्राफ्ट्समन एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले होते ते याचमुळे. ट्रेसिंगवर चुकलेली रेघ आम्ही ब्लेडने खरवडत असू. एकदा चालतं, दोनदा चालतं, तिसऱ्यांदा त्याच जागी खरवडलं की शाई फुटते नाहीतर कागदच फाटतो. पण काहीही खरवडलं तरी तक्त्यात ओळ भरल्याशिवाय शीट टेबलावरून हलत नसे. आमचे हेड ड्राफ्ट्समन तसे शांत माणूस, पण तक्ता कोरा दिसला की शीट हवेतून परत यायचं.

२०११ साली कंपनीत शेअरपॉइंट आलं. ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हे मायक्रोसॉफ्टचं उत्पादन आहे, २००१ पासूनचं. ऑफिसच्या फायली, याद्या, मंजुऱ्या, परिपत्रकं हे सगळं एका आतल्या वेबसाइटवर, कुणाला काय दिसावं याच्या कुलपांसकट. फायलीच्या जुन्या आवृत्त्या ते जपून ठेवतं. एकाने फाइल चेक-आउट केली की दुसऱ्याला तिच्यात ढवळाढवळ करता येत नाही. माझ्यासारखीला एवढंही पुष्कळ होतं. पण कोऱ्या भिंतींच्या घरात राहायला कोण जातो? एका एजन्सीला काम दिलं गेलं आणि सजावट सुरू झाली.

त्यांनी मास्टर पेज, म्हणजे सगळ्या पानांचा मूळ साचा बदलला आणि सगळं कंपनीच्या हिरव्या रंगात आणलं. वर सरकणारे फोटो, डावीकडे आजचे वाढदिवस. वरची रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, ‘गोंधळात टाकते’ म्हणून लपवली. ट्रान्समिटलसाठी, म्हणजे ड्रॉइंग पाठवल्याच्या पोचपत्रासाठी, इन्फोपाथ या मायक्रोसॉफ्टच्याच साधनात फॉर्म बनवला. मंजुरीची साखळी, म्हणजे कागद कुणामागून कुणाकडे जायचा ते, शेअरपॉइंट डिझायनर या दुसऱ्या साधनात बांधली. आणि कळस म्हणजे ड्रॉइंगला आपोआप नंबर देणारा कोड लिहून थेट सर्व्हरवर चढवला. खोटं कशाला बोलू, मला हे सगळं फार आवडलं होतं. पाइपिंग, सिव्हिल, इलेक्ट्रिकल अशा वेगळ्या रंगांच्या टॅब हव्यात, हा हट्ट माझाच.

या सगळ्यात कुठेही तक्ता नव्हता. काय बदललं, कुणी, का, यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. ज्या ऑफिसात एका बोल्टचा व्यास बदलला तरी तीन सह्या लागतात, तिथे तो बोल्ट ज्या कपाटात ठेवायचा ते कपाटच आतून फिरवलं गेलं आणि त्याची एक ओळही कुणी मागितली नाही. मीही नाही.

आता रजेच्या अर्जाबद्दल. आमच्या फॅब्रिकेशन यार्डमधल्या कामगारांना अर्ज मराठीत भरता यावा, असं वरिष्ठांनी ठरवलं. चांगलं ठरवलं. एजन्सीच्या मुलाने यादीत रकाने तयार करताना नावं सरळ मराठीत टाइप केली, ‘रजेचे कारण’, ‘रजेचे दिवस’. पडद्यावर सुरेख दिसायचं. गोम अशी, की शेअरपॉइंट प्रत्येक रकान्याला आतून दुसरं एक नाव देतं, जन्माच्या वेळी एकदाच. ते पुढे बदलत नाही. हे आतलं नाव इंग्रजी अक्षरांचं असावं अशी त्याची समजूत. देवनागरी चिन्ह आलं की त्या एकाच्या जागी ते सात अक्षरांचा कोड लिहितं, आधी अंडरस्कोर, मग एक्स, मग चार अंकी संकेत, मग पुन्हा अंडरस्कोर. आणि आतल्या नावाला मर्यादा ३२ अक्षरांची. आता ‘रजेचे’ मोजा. र, ज, मात्रा, च, मात्रा, अशी पाच चिन्हं, म्हणजे पस्तीस. ‘कारण’ आणि ‘दिवस’ यांची पाळी येण्याआधीच नाव तुटलं. दोन्ही रकान्यांचं आतलं नाव अक्षरशः तेच निघालं, दुसऱ्याच्या शेपटीला फक्त एक आकडा चिकटला. पुढे मंजुरीची साखळी बांधणाऱ्या मुलाला कुठला रकाना कुठला ते ओळखता येईना. त्याने अंदाजाने एक निवडला. पहिल्या महिन्यात यार्डातल्या एका वेल्डरच्या अर्जावर सुपरवायझरला ईमेल गेलं, ‘मागितलेले दिवस: बहिणीचे लग्न’. सगळे हसले. पगाराच्या दिवशी त्या वेल्डरला हसू आलं नाही.

यावरचा उपाय दोन मिनिटांचा आहे. रकाना आधी साध्या इंग्रजी अक्षरांत, जोडून, जागा न सोडता तयार करायचा आणि मग त्याचं दिसणारं नाव मराठीत बदलायचं. आतलं नाव सुटसुटीत राहतं, बाहेर मराठी दिसतं. मराठीचा यात काही दोष नाही. पण ‘मराठी टाकलं की बिघडतं’ असा समज ऑफिसात पसरला तो पसरलाच आणि पुढचे सगळे फॉर्म इंग्रजीत झाले. याचा मला आजही राग येतो. (जाता जाता, जुनी मराठी परिपत्रकं पोर्टलवर शोधून सापडत नाहीत, त्याचं कारण निराळं. ती युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. आपल्याला ‘बोनस’ दिसतं, पण यंत्राच्या पोटात भलतीच रोमन अक्षरं असतात. ती रूपांतरित केल्याशिवाय कुठलंही पोर्टल ती शोधून देणार नाही.)

मग पाच हजारांचा फटका बसला. ड्रॉइंगची यादी पाच हजारांवर गेली आणि एका सोमवारी सकाळी उघडेनाशी झाली. कारण मला बऱ्याच वर्षांनी समजलं. शेअरपॉइंटच्या खाली एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस असतो. एका मागणीसाठी साधारण पाच हजारांहून जास्त ओळींना कुलूप लावायची वेळ आली, की तो एकेक ओळ न धरता सगळा तक्ताच कुलपात घालतो. मग बाकीचे सगळे ताटकळत बसतात. तसं होऊ नये म्हणून एका वेळी पाच हजारांहून जास्त ओळी चाळायच्या नाहीत, असं बंधन घातलेलं आहे. यादीत लाखो नोंदी ठेवता येतात, फक्त त्या गाळून मागाव्या लागतात. प्रकल्प क्रमांकाच्या रकान्याला इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची लावा, प्रत्येक प्रकल्पाचा वेगळा व्ह्यू, म्हणजे गाळलेली यादी करा, झालं. आमच्या एजन्सीने काय केलं? सर्व्हरवर जाऊन ती मर्यादाच वाढवून टाकली. यादी उघडली, बिल पास झालं. दुपारी साडेतीन-चारला सगळं का मंदावतं, याचा शोध आम्ही पुढची काही वर्षं घेत होतो. नेटवर्कची केबलसुद्धा बदलून झाली. मर्यादा वाढवल्याची ओळ कुठे लिहिलेली असती तर केबलचा खर्च वाचला असता.

२०१६ साली आमचे मुख्य अभियंता निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि महिनाअखेरीस आयटीने नियमाप्रमाणे त्यांचं खातं बंद केलं. पाइप-सपोर्टच्या ड्रॉइंगची मंजुरी त्यांच्या पदाला न बांधता थेट त्यांच्या नावाला बांधली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रिव्हिजन सी मंजुरीसाठी गेली आणि बंद खात्यावर जाऊन पडली. साइटवरचा माणूस पोर्टलवर बघायचा तर त्याला मंजूर म्हणून आधीची रिव्हिजन बी दिसायची. बी प्रमाणे चौदा सपोर्ट कापले गेले. सगळे भंगारात. त्या आठवड्यात मी रबाळ्याहून ठाण्यापर्यंत उभ्याने प्रवास केला, बसायला जागा असूनही.

टाळेबंदीत सगळे घरून कामाला लागले आणि पोर्टल ऑफिसातल्या सर्व्हरवरून क्लाउडवर न्यायचं ठरलं. तशीही आमच्या २०१०च्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मदत १३ एप्रिल २०२१ला संपणार होती. नेताना कळलं, की आपल्याकडे सामान किती आणि भिंतीत चिणलेलं किती. फायली गेल्या. हिरवं मास्टर पेज नव्या धाटणीच्या पानांवर चालतच नाही, ते गेलं. नंबर देणारा कोड जाईना. क्लाउडवर सर्व्हर मायक्रोसॉफ्टचा, तिथे आपला कोड बसवू देत नाहीत. २०१७ पासून त्यासाठी वेगळी पद्धत आहे, त्यात आपला कोड वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो. म्हणजे नव्याने लिहायला हवा. नव्याने लिहायचा तर जुना वाचायला हवा. आमच्याकडे फक्त बांधून दिलेली तयार फाइल होती, मूळ लिखाण नव्हतं. एजन्सी तोवर बंद झाली होती. सीवूड्सच्या त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

दुसरी एजन्सी आली. तिने मंजुरीच्या साखळ्या नव्याने बांधल्या, पण जुन्याच २०१३च्या तंत्रात. मायक्रोसॉफ्टचं नवं तंत्र, पॉवर ऑटोमेट, तोवर केव्हाच बाजारात होतं. जुनं तंत्र नव्या ग्राहकांना बंद स्थितीतच मिळत होतं, ते मुद्दाम चालू करून घ्यावं लागे. आमच्यासाठी ते तसं चालू करून घेतलं गेलं, कारण त्यांच्या मुलांना तेवढंच येत होतं. ते कायमचं बंद होण्याची तारीख २ एप्रिल २०२६, हे मायक्रोसॉफ्टने बरंच आधी जाहीर केलं होतं. इन्फोपाथच्या फॉर्मची तारीख १४ जुलै २०२६. शेअरपॉइंटच्या २०१६ आणि २०१९ या सर्व्हर-आवृत्त्यांची मदत संपण्याची तारीखही तीच. तारखांची पूर्वसूचना नीट मिळाली होती, त्याबद्दल कुणाला बोल लावता येणार नाही. प्रश्न असा होता, की आमच्या पोर्टलवर जुन्या तंत्राच्या साखळ्या किती आणि कुठे आहेत. ते सांगायला कुणी नव्हतं.

कोडच्या अडचणीपायी जुना सर्व्हर तसाच धरून बसलेले लोक आपल्या पट्ट्यात कमी नाहीत. २०२५च्या जुलैत अशाच, स्वतःच्या जागेतल्या शेअरपॉइंट सर्व्हरवर जगभर हल्ले झाले. क्लाउडवाल्यांना झळ लागली नाही. तातडीची दुरुस्ती आली, पण चोरांनी सर्व्हरच्या गुप्त चाव्याच नेल्या असल्या तर नुसती दुरुस्ती बसवून भागत नव्हतं, चाव्याही बदलाव्या लागत होत्या. वागळे इस्टेटमधल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा रविवारी रात्री फोन आला. त्यांची आवृत्ती इतकी जुनी, की तिच्यासाठी दुरुस्ती आलीच नाही. त्याने जाऊन सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटली आणि वॉचमनला सांगितलं, मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका.

मी बदलांच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. गेल्या वर्षी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मी स्वतः रकान्यांची रंगसंगती लिहायला शिकले. जेसन नावाच्या साच्यात लिहावी लागते. महिरपी कंसांशी कुस्ती आहे नुसती, एक स्वल्पविराम राहिला की सगळं मौन. पण आज आमच्या यादीत रद्द झालेली रिव्हिजन करड्या रंगात दिसते आणि सात दिवस मंजुरीविना पडलेलं ड्रॉइंग लाल. साइटवरचे लोक फोन करून विचारायचे, ते निम्म्यावर आलं. आणि तो साचा उद्या पुसला तरी मूळ नोंदीला धक्का लागत नाही, कारण तो फक्त दिसण्यापुरता आहे. मी शिकले ते मूठभरच. काढून टाकलं तर मागे काय उरतं, एवढा एक प्रश्न मी आता प्रत्येक बदलाला विचारते. वेगळा कोड लागलाच तर लागला. नंबर देण्यासाठी तो लागणारच आहे. पण मग त्याचं मूळ लिखाण आपल्या कपाटात हवं.

म्हणून गेल्या दिवाळीपासून मी पोर्टलवरच एक साधी यादी उघडली आहे. नाव ‘रिव्हिजन’. रकाने तेच, आमच्या टायटल ब्लॉकवरचे. तारीख, काय बदललं, कुणी, कुणी तपासलं. एक जास्तीचा घातला, ‘का’. आणि आणखी एक, ‘काढायचं कसं’. आयटीतला मुलगा आणि मी रोज जेवणानंतर अर्धा तास बसतो आणि एकेक गाठ उकलून ओळ भरतो. त्याने सांगितलं, मोठ्या कंपन्यांत हे सगळं शिस्तीत असतं. असेल. पण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आमच्यासारख्या मधल्या कंपन्याच जास्त आहेत. त्यांच्याकडे पोर्टल असतं, पण पोर्टल सांभाळणारा माणूस नसतो.

त्यांना आणि पोर्टल करून घेणाऱ्या शाळा, रुग्णालयं, सोसायट्यांना माझी विनंती आहे. वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या, की मूळ कोड आमच्या ताब्यात हवा. आणि नुसत्या पेन ड्राइव्हवर समाधान मानू नका. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी तुमच्या माणसाला कोरी साइट द्या आणि एजन्सीच्या टिपणावरून तोच फॉर्म, तीच साखळी पुन्हा उभी करायला सांगा. एजन्सीच्या मुलाने त्या वेळी खोलीत थांबायचं नाही. आम्ही या वेळी हे केलं. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही, टिपण तीनदा बदलून घेतलं, आणि एजन्सीचे मालक माझ्यावर अजून रुसलेले आहेत.

सरकारी कार्यालयांबद्दल एकच सांगते. माहिती अधिकार कायदा, २००५ मधलं कलम ४(१)(क) प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सांगतं, की अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित करून ठेवा आणि जमेल तसे संगणकावर आणा. संगणकावर आणलेले अभिलेख पोर्टल बदललं की कुठे जातात, हे कुणी अर्ज करून विचारायला हवं. नव्या पोर्टलच्या निविदेत जुन्या दुव्यांचं काय करणार याचा एखादा तरी परिच्छेद आहे का, ते बातमीदारांनी उद्घाटनाच्या दिवशीच विचारावं. फोटो नंतर काढता येईल.

मी येत्या डिसेंबरात निवृत्त होते. आमच्या तक्त्यात आजवर त्रेसष्ट ओळी झाल्या आहेत. त्यांतल्या अकरा ओळींत ‘का’ हा रकाना कोरा आहे, कारण सांगणारं कुणी उरलेलं नाही. त्यांतली एक मला झोपू देत नाही. आमचा नंबर देणारा जुना कोड कुठल्याही प्रकल्पात ३९९ नंतर ४०० देत नसे, थेट ४५० द्यायचा. मधले पन्नास नंबर कशासाठी राखून ठेवले होते? क्लायंटने सांगितलं होतं, की चूक होती, की आम्हीच कुणी मागितलं होतं? तो कोड लिहिणारा मुलगा तेव्हा ऐरोलीहून यायचा, डब्यात रोज भेंडीची भाजी असायची. आता चाळिशीत असेल. हे पत्र त्याच्या वाचनात आलं तर त्याने आपल्या पत्त्यावर दोन ओळी लिहून कळवावं. रागावणार नाही. ओळ भरायची आहे.

आपली,
एक डॉक्युमेंट कंट्रोलर
कोपरी, ठाणे (पूर्व)
(नाव आपल्या माहितीसाठी सोबत वेगळ्या कागदावर दिलं आहे. अजून नोकरीत असल्याने कृपया छापू नये.)